पाच ठेकेदार, एक स्क्रीन: इमारतीचं बीएमएस जुळवायला सुरुवात कुठून करू?

गच्चीवरची

नमस्कार. आधी माझी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे मी कुठल्या सवयीतून चुकतेय ते तुम्हाला कळेल. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ११ वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला होते. बॉयलरपासून पॅनपर्यंत सगळं एका कंट्रोल रूममध्ये दिसायचं. गळीत हंगाम चालू असताना काही बंद पडलं की कोणाचं आहे हे न विचारता जो जवळ असेल तो धावायचा. "आमच्या स्कोपमध्ये नाही" हे वाक्य मी बाणेरला येऊन शिकले.

आता वर्षभर एका व्यावसायिक इमारतीची देखभाल बघते. दोन बेसमेंट, तळमजला आणि वर ९ मजले. २५० टनांचे तीन वॉटर-कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं) आहेत, त्यातले दोन चालू आणि एक राखीव. मजल्याला दोन याप्रमाणे २० एएचयू (त्या पाण्यावर हवा गार करून मजल्यावर सोडणारे मोठे पंखे), सगळ्यांना व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह. तीन डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. लिफ्ट, फायर पॅनेल, दारांचं कार्ड-रीडर, विजेचे मीटर हे प्रत्येक वेगळ्या माणसाचं. माहितीपत्रकात "स्मार्ट इमारत" छापलंय, त्यामुळे मालकांना हे सगळं एका स्क्रीनवर हवंय. ते करणारी संगणक यंत्रणा म्हणजे बीएमएस. बीएमएसवाला ७० टक्के काम करून गेला, उरलेल्या ३० टक्क्यांत मी बसलेय.

दुखणी चार.

एक. लाईट गेली, डीजीवर लोड आला की चिलर-पंप कसेबसे येतात, पण एएचयू येत नाहीत. स्क्रीनवर मात्र सगळे हिरवे, "चालू". मग आमचे वॉचमनकाका एकेका एएचयू रूममध्ये जाऊन सिलेक्टर स्विच ऑटोवरून ऑफ आणि परत ऑटो करतात. तेव्हा पंखा फिरतो.

दोन. मेन पॅनेलच्या मीटरवर डोळ्यांना ४१२.७ व्होल्ट दिसतं. त्याच क्षणी बीएमएसवर ५.४३ई+१५. पुढच्या मिनिटाला शून्य, त्यानंतर उणे काहीतरी.

तीन. चौथ्या ते सहाव्या मजल्यावरचे व्हीएफडी सकाळी ठीक असतात आणि अकराच्या सुमाराला एकेक करून "कम्युनिकेशन लॉस" दाखवायला लागतात. संध्याकाळी आपोआप बरे.

चार. पाचव्या मजल्याचा पूर्वेकडचा एएचयू रात्रभर पूर्ण वेगात फिरतो. वेळापत्रकात रात्री ८ ला बंद आहे. मी स्वतः दहा वेळा तपासलं.

चिलरवाला म्हणतो बीएमएसशी बोलायचं कार्ड वेगळं घ्या. बीएमएसवाला म्हणतो चिलरचा मॅप (कुठला आकडा कुठे मिळतो त्याची यादी) मिळाला की बघू. व्हीएफडीवाला म्हणतो केबल इलेक्ट्रिशियनने टाकली. इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. आता एक कंपनी आलीय, ती सगळ्याच्या वर एक नवीन सॉफ्टवेअर टाकून देते म्हणते, "त्यात एआय आहे". कोटेशन बघून मालकांनी मला विचारलं, घ्यायचं का? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय कराल?

---

स्मार्टमाणूस२२

घेऊन टाका. आजकाल सगळं ओपन प्रोटोकॉल असतं, म्हणजे यंत्रांची भाषा सगळ्यांना खुली; मध्ये दुभाष्या म्हणून गेटवे लावला की झालं. जुन्या बीएमएसवर डोकं आपटण्यात अर्थ नाही.

---

भोसरीचा पॅनेलवाला

ताई, वरचा सल्ला ऐकू नका. तुमच्या चारही दुखण्यांपैकी एकही नवीन सॉफ्टवेअरने सुटणारं नाही. वर आणखी एक स्क्रीन टाकलीत तर तीच खोटी माहिती जास्त सुंदर रंगांत दिसेल.

मी वायरमन म्हणून सुरुवात केली. आधी पॅनेल बांधले, मग डीडीसी (बीएमएसचे यंत्रांना हुकूम देणारे कंट्रोलर) जोडले, आता लोकांचे अर्धवट राहिलेले बीएमएस उरकायला जातो. त्यामुळे माझं उत्तर टॉर्च आणि मल्टिमीटरपासून सुरू होतं.

तुमचं तिसरं दुखणं आधी घेऊ, कारण ते मला प्रत्येक इमारतीत भेटतं. व्हीएफडी बहुतेक आरएस-४८५ च्या, म्हणजे डेटाच्या, दोन तारांवर असणार. ही तार माळेसारखी जायला हवी. एका यंत्रात शिरली, तिथून निघाली, पुढच्यात शिरली. पण इलेक्ट्रिशियनला सवय लाईटच्या पॉइंटची. तो शाफ्टमध्ये एक जंक्शन बॉक्स लावतो आणि तिथून फाटे फोडतो. दिवा त्याने पेटतो. डेटा प्रत्येक फाट्याच्या टोकाला आपटून परत येतो. शिवाय माळेच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा. बऱ्याच व्हीएफडीत तो आतच असतो, छोट्या डीआयपी स्विचवर, आणि लावणारा "ऑन म्हणजे चांगलं" असं समजून सगळे ऑन करतो.

एक रविवार काढा. त्या लूपवरच्या सगळ्यांची पॉवर काढा आणि ए-बी तारांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० आले तर दोन रेझिस्टर, बरोबर. १२० आले तर एक टोक उघडं. ४० म्हणजे कोणीतरी तिसरा घुसवलाय. आकडा जितका खाली तितका सिग्नल अशक्त. अशक्त सिग्नल सकाळी चालून जातो. अकराला ऊन चढतं, ऑफिसं भरतात, सगळे व्हीएफडी वेग घेतात आणि मोटरच्या केबलमधून विजेचा कचरा उडायला लागतो. त्याच केबल-ट्रेमधून तुमची डेटा केबल जात असेल तर झालंच. ट्रे उघडून बघा. डेटा केबलचं शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) दोन्हीकडे अर्थ केलंय का तेही बघा, ते एकाच बाजूला हवं. आणि दोन ड्राइव्हना एकच पत्ता तर दिलेला नाही ना? कारखान्यातून सगळे १ नंबर घेऊनच येतात.

मीटरचं सोपं आहे. तो बहुतेक मॉडबसवर बोलत असणार. ही यंत्रांची बोली १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी, काढली. त्यात यंत्र फक्त आकडे देतं. व्होल्ट आहे की पाण्याचं तापमान, हे सांगायची सोयच नाही, ते कागदावरच्या मॅपमध्ये असतं. एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायची जागा, १६ बिटांचं. दशांश असलेला आकडा ३२ बिटांचा, म्हणजे शेजारच्या दोन रजिस्टरांत अर्धा-अर्धा बसतो. कुठला अर्धा आधी यावर कंपन्यांचं एकमत नाही. ४१२.७ चे दोन अर्धे उलटे जोडा, बरोब्बर ५.४३ गुणिले १० चा १५ वा घात येतो. मी आत्ता कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं. व्होल्टेज जरा हललं की मागचा अर्धा भलताच बदलतो, म्हणून कधी शून्य, कधी उणे. बीएमएसच्या पॉइंटमध्ये "वर्ड स्वॅप" असा एक पर्याय असेल, तो बदला. तरीही भलतंच आलं तर रजिस्टर एकने पुढे-मागे करून बघा. काही लोक ४०००१ पासून मोजतात, काही ० पासून, आणि मॅनुअलमध्ये ते लिहायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

आता पाचव्या मजल्याचं भूत. तुमचं बीएमएस बॅकनेटवर असेल असं धरतो, ही इमारतीतल्या यंत्रांची सामाईक भाषा. त्यात चालू-बंद करता येणाऱ्या प्रत्येक पॉइंटला १६ खण असतात. वेगवेगळे लोक आपापल्या खणात हुकूम टाकतात आणि सगळ्यात वरचा, म्हणजे लहान नंबरचा, भरलेला खण जिंकतो. वेळापत्रक बहुतेक ठिकाणी १६ व्या खणात लिहितं. माणसाने स्क्रीनवरून हाताने दिलेला हुकूम ८ व्या खणात जातो. कोणीतरी कधीतरी "मॅन्युअल ऑन" दाबलंय आणि विसरलंय. तुमचं वेळापत्रक रोज रात्री ८ ला इमानदारीत "बंद" लिहितं आणि त्याचं कोणी ऐकत नाही. आणि लक्षात घ्या, तिथे "ऑफ" दाबून उपयोग नाही. मग तो ८ व्या खणातूनच कायमचा बंद राहील आणि सकाळी भाडेकरू ओरडतील. खण रिकामा करायचा असतो. बटणाचं नाव "रिलीज" किंवा "ऑटो" असेल.

पहिलं दुखणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं. माझा अंदाज असा: डीडीसी यूपीएसवर आहे, व्हीएफडी नाहीत. लाईट गेली तरी डीडीसी जागाच, त्याचा "चालू" हुकूम तसाच धरलेला. व्हीएफडी मात्र मरून पुन्हा जन्मला. बऱ्याच ड्राइव्हना नुसता धरलेला हुकूम चालत नाही. आधी बंद, मग चालू असा बदल दिसावा लागतो. तुमचे वॉचमनकाका स्विच फिरवून नेमका तोच बदल देतात. स्क्रीनवर हिरवं दिसतं ते हुकमाचं, पंख्याचं नाही. तिथे व्हीएफडीचा रन फीडबॅक (खरंच फिरतोय का ते) किंवा डीपी स्विच (पंख्याने हवेचा दाब बनतोय का ते) दाखवायला सांगा.

उपाय प्रोग्रॅममध्ये पाच ओळींचा आहे. पॉवर परत आली की सगळे हुकूम खाली टाका, अर्धा मिनिट थांबा, मग ओळीने उठवा. पण कुठली ओळ? आधी चिल्ड वॉटर पंप की कंडेन्सर? एएचयू किती सेकंदांच्या अंतराने? डीजीवर असताना एक चिलर की दोन? हे प्रोग्रॅमर ठरवू शकत नाही. त्याला कागदावर सिक्वेन्स लागतो. तुमच्या टेंडरची फाइल काढा आणि तो कागद शोधा. माझी पैज, तिथे "एएचयू बीएमएसवरून नियंत्रित होतील" एवढं एकच वाक्य असेल. अमेरिकेतल्या ॲश्रे या एसी इंजिनियरांच्या संघटनेने एअर-साइडच्या (एएचयू वगैरे हवेच्या बाजूच्या) सिक्वेन्ससाठी २०१८ मध्ये गाइडलाइन ३६ काढली, कारण तिथेही प्रत्येक इमारतीत प्रत्येक जण आपल्या मनाने लिहीत होता. पण डीजीवर कोण आधी उठणार हे तुम्हालाच ठरवावं लागणार. त्या एआयवाल्याला विचारा, सिक्वेन्स कोण लिहिणार? उत्तर "तुम्ही द्या" असं असेल तर चहा पाजून पाठवा.

स्मार्टमाणूस, "ओपन"बद्दल. बॅकनेटचं काम ॲश्रेच्या समितीत १९८७ ला सुरू झालं, १९९५ ला मानक निघालं, २००३ ला आयएसओने घेतलं. भाषा एक झाली, हे खरं. पण मराठी येणाऱ्या दोन माणसांचं पटतंच असं आहे का?

---

लाल डबा

फायरमध्ये काम करतो, म्हणून एवढंच. एका स्क्रीनवर "दिसणं" आणि एका स्क्रीनवरून "चालणं" यात गल्लत करू नका. आग लागली की एएचयू बंद होणं, जिन्यातले प्रेशरायझेशन पंखे चालू होणं, लिफ्ट खाली येणं, मॅग्नेटिक लॉकची पॉवर जाऊन दारं सुटणं, हे सगळं फायर पॅनेलच्या रिलेतून थेट तारेने व्हायला हवं. बीएमएस हँग झालं, नेटवर्क स्विच जळला, तरी व्हायला हवं. बीएमएसला त्याच रिलेचा एक जादा कॉन्टॅक्ट द्या, त्याने नुसतं वाचावं. एनबीसी (नॅशनल बिल्डिंग कोड) २०१६ चा आगीवरचा भाग ४ काढून बसा आणि कॉज-अँड-इफेक्टचा तक्ता मागून घ्या. कुठल्या डिटेक्टरने काय-काय हलतं ते त्यात असतं.

एका साइटवर दारं सॉफ्टवेअरमधून सोडायची "स्मार्ट" सोय पाहिली होती. मॉकड्रिलच्या दिवशी सर्व्हरला अपडेट चालू होतं. बाकी तुम्ही समजून घ्या.

---

दुबईकर

पॅनेलवाल्या दादांना दंडवत. मी इकडे इमारतींचं नेटवर्क बघतो, त्यामुळे दोन गोष्टी. बॅकनेट आयपीवर असेल तर ते ४७८०८ या यूडीपी पोर्टवर बोलतं आणि यंत्रं एकमेकांना हाका मारून शोधतात. या हाका राउटरपलीकडे जात नाहीत. त्यामुळे चिलरचं कार्ड घेतलं आणि आयटीवाल्यांनी त्याला वेगळ्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या राउटरपलीकडच्या तुकड्यात, टाकलं तर "कार्ड खराब आहे" म्हणून महिनाभर भांडण होईल. बीबीएमडी, म्हणजे या हाका पलीकडे पोचवणारी सोय, लावलीय का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

दुसरं, हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. जुन्या बॅकनेटला पासवर्डच नसतो, जो पोचला तो हुकूम देतो. कुलूप असलेली आवृत्ती, बॅकनेट सिक्युअर कनेक्ट, मानकात २०१९ ला आली. तुमच्याकडे ती असण्याची शक्यता कमी. आणि रिमोटसाठी प्रत्येक ठेकेदाराला वेगळं लॉगिन द्या, काम झालं की बंद करा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट दुकानांतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा चोर शिरले एसी-रेफ्रिजरेशनच्या ठेकेदाराच्या लॉगिनवरून. ते लॉगिन एसी चालवायचं नव्हतंच, बिलं-कागदपत्रं पाठवायचं होतं. तरी आत पोचले.

---

गच्चीवरची

दोन रविवार गेले, म्हणून उशीर झाला. सगळ्यांचे आभार, पॅनेलवाल्या दादांचे जरा जास्त.

मीटर: वर्ड स्वॅप बदलला, ४१३.१ आलं. वर्षभर मी त्या स्क्रीनकडे बघून "सेन्सर खराब" लिहीत होते. कारखान्यात असं लिहिलं असतं तर चीफ इंजिनियरनी वही फेकून मारली असती.

पाचवा मजला: ८ वा खण भरलेला होता. बीएमएसच्या नोंदींत तारीख सापडली, गणपतीतली. तिथल्या भाडेकरूंची मंडळी सजावटीला रात्री थांबली होती, त्यांना गार हवा हवी होती, कोणीतरी मॅन्युअल ऑन केलं. बाप्पा गेले, पंखा राहिला. ७० रात्री. मोटर साधारण ९ किलोवॅट ओढते, रात्रीचे १२ तास धरा, म्हणजे १०८ युनिट रोज. साडेसात हजार युनिटांच्या वर गेलं, तेही चिलर बंद असताना नुसती हवा घुसळण्यात. हा हिशेब मालकांना दाखवला, तेव्हापासून एआयवाल्याचा विषय निघालेला नाही. खण रिकामा केला. आता हाताने दिलेला कुठलाही हुकूम चार तासांनी आपोआप सुटेल असं करून घेतेय.

आरएस-४८५: ओहममीटरवर २४ आले! १२० भागिले ५. एक कंट्रोलरच्या टोकाला आणि चार ड्राइव्हमध्ये डीआयपी स्विच ऑन. शेवटचा ठेवला, मधले तीन ऑफ केले, ६० आले. पाचव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये तुम्ही म्हणालात तसा जंक्शन बॉक्स होता, तिथला फाटा काढून माळ केली. सोमवारी अकराला मी चौथ्या मजल्यावर उभी राहिले. सहापैकी पाच टिकले. सहावा अजून पडतो. त्याची केबल १४ मीटर मोटर केबलला खेटून त्याच ट्रेमधून गेलीय, ती आता वेगळ्या पाइपातून काढायची. इलेक्ट्रिशियनने फोन उचलला. मी दुसऱ्या नंबरवरून केला होता.

टेंडरची फाइल काढली. दादा, पैज जिंकलात. तुमच्या वाक्यापेक्षा दोनच शब्द जास्त होते, "योग्य रीतीने".

मग सिक्वेन्स लिहायला बसले आणि डीजीपाशी अडकले. किती अंतराने एएचयू उठवायचे? म्हणून वॉचमनकाकांना विचारलं, तुम्ही कुठून सुरुवात करता? त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. नवव्यापासून खाली, आधी पूर्व मग पश्चिम, आणि दोन खोल्यांसमोर फुली. मी म्हटलं वरून का? "लिफ्टने एकदा वर जायचं, मग जिन्याने उतरत यायचं मॅडम. खालून सुरुवात केली तर गुडघे जातात." आणि फुल्या? "त्या दोन एकदम लावल्या की डीजी दम टाकतो, लाईट मिचमिचते. म्हणून मध्ये बिडी होते."

फुलीवाल्या खोल्या तळमजल्याच्या. तिथल्या मोटरी सगळ्यांत मोठ्या निघाल्या, इतर ११ किलोवॅटच्या आणि या दोन १८.५ च्या. आमच्या एकाही ड्रॉइंगवर हा फरक नाही.

---

भोसरीचा पॅनेलवाला

ताई, ती चिठ्ठी लॅमिनेट करा. कमिशनिंगचा एवढा खरा कागद मला पाच वर्षांत कुठे मिळालेला नाही.

त्यावरूनच लिहा. पॉवर आली, ३० सेकंद सगळं खाली. मग एक चिल्ड वॉटर पंप, एक कंडेन्सर पंप, टॉवरचा पंखा. पाणी वाहतंय हे फ्लो स्विचने सांगितल्याशिवाय चिलरला परवानगी नाही. चिलरचा स्वतःचा रिस्टार्ट टायमर असतो, त्याच्याशी भांडू नका, तेवढ्यात एएचयू उठवून घ्या. छोटे २० सेकंदांच्या अंतराने, ते दोन मोठे सगळ्यात शेवटी आणि मध्ये किमान एक मिनिट. डीजीवर असताना वेगाला ८० टक्क्यांची कमाल मर्यादा घाला. पंख्याची पॉवर वेगाच्या घनाने कमी होते, म्हणजे ८० टक्क्यांवर जेमतेम निम्मी लागते, आणि अर्ध्या तासात कोणाला घाम फुटत नाही.

चिलरच्या कार्डाचं काय ठरलं?

---

गच्चीवरची

त्याने मॅप पाठवला, तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. परत पाठवलाय. कार्डासाठी "पूर्ण पॅकेज" म्हणत होता, मी दहाच पॉइंट मागितले: येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं तापमान, सेटपॉइंट, चालू-बंद, अलार्म कोड, कॉम्प्रेसरचा लोड, किलोवॅट, रन अवर्स, लोकल की रिमोट, आणि सुरू व्हायची परवानगी. पैसे देण्याआधी तो लॅपटॉप घेऊन येईल, दहाही आकडे चिलरच्या डिस्प्लेशेजारी धरून दाखवेल, मग सही, असं कळवलंय.

सिक्वेन्स दोन पानांत टाइप केला. रविवारी सकाळी ७ ला मेन इनकमर (बाहेरून येणाऱ्या विजेचा मुख्य स्विच) पाडून बघणार आहोत. काकांना सुट्टी होती, तरी येतो म्हणालेत. चिठ्ठी मी परत केली नाहीये, त्यांनी दुसरी लिहून घेतली.